वादळानंतरचं अंगण

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, दिवेआगर भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. बातम्या त्या दुपारच्या झाल्या. घरच्यांच्या वाट्याला आलं ते नंतरचं अंगण.

उन्मळलेल्या पोफळीखाली फुटकी कौलं, सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे, ट्यूबलाइटची काच, भिजून फुगलेली गादी आणि कुणाच्या तरी पडवीवरून उडून आलेली ताडपत्री, असा सगळा एकच ढीग. आणि आपल्या सवयीचे डबे दोन: हिरवा ओल्याचा, निळा सुक्याचा. आता वाळून खडखडीत झालेली पोफळीच्या झावळीची विरी जायची हिरव्यात, आणि पाण्याने निथळणारी ताडपत्री निळ्यात. घातक वस्तूंचा तिसरा डबा असलाच, तर तो कुठे लाल, कुठे काळा. दवाखान्यात निळा रंग काचेसाठी असतो. माणसं गोंधळतात यात त्यांचा दोष नाही.

खरं तर हे डबे रोजच्या कचऱ्याचे. २०१६च्या घनकचरा नियमांनीही बागेतला पालापाचोळा आपल्याच आवारात वेगळा ठेवायला सांगितलं, आणि बांधकाम-पाडकामाच्या राडारोड्यासाठी वेगळे नियम झाले. म्हणून वादळानंतर रंग शोधत बसू नये. ही वस्तू इथून पुढे कुणाच्या हातात जाणार, एवढंच स्वतःला विचारावं.

शेजारच्या काकूंनी ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, त्या विऱ्या फेकू नको, बंबाला होतील." झावळ्या विणल्या की झाप होतात, हिरांच्या केरसुण्या होतात, नारळाची सोडणं चुलीत जातात, उरलेला पाला आळ्यात कुजतो. वाडीतलं जवळजवळ सगळं वाडीतच जिरतं.

जिरत नाही तो पत्रा. सिमेंटच्या अनेक पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. तुकडे फोडले, झाडले की त्याचे बारीक तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि तिथेच राहतात. त्यातून होणारा आजार कित्येक वर्षांनी डोकं वर काढतो. तुकडे पाण्याने भिजवावेत, न फोडता उचलावेत, जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून आत काय आहे ते वर लिहावं. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, तिची काचही वेगळी बांधावी. आपण डोळे मिटून डब्यात लोटलेलं पुढे एखादी सफाई कामगार हाताने उपसते. तिच्याकडे बहुतेकदा हातमोजेही नसतात. रंग चुकण्याची किंमत तिने मोजावी, हे मला मान्य नाही.

निसर्गनंतर वर्षभरात तौक्ते चक्रीवादळ आलं. आता ही वादळं अपवाद म्हणून सोडून देता येणार नाहीत. मे महिन्यात आपण कौलं चाळतो, लाकूडफाटा आत घेतो. त्याच कामांत चार रिकामी पोती आणि जाड हातमोजे बाजूला काढून ठेवावेत. पडलेली झाडं कुठे न्यायची, राडारोडा कुठे टाकायचा, पत्रे कुणी उचलायचे, हे गावाने आणि प्रभागाने पावसाआधी एकत्र बसून ठरवावं. वीज गेलेली, रस्ता बंद आणि छप्पर उघडं असताना कुणालाही ते नीट ठरवता येत नाही.