यंदा थीम कसली?

गणपतीला दोन महिने राहिले की आपल्याकडे मंडळाच्या बैठका बसतात आणि एकच खल सुरू होतो: यंदा देखावा कसला? इंग्लंडमधल्या शाळांत हाच खल मार्च-एप्रिलमध्ये चालतो. तिथला मांडव जूनच्या अखेरीस उभा राहतो, शाळेच्या मैदानावर नाहीतर जवळच्या एखाद्या जुन्या हवेलीच्या हिरवळीवर. मूर्ती नसते. तिच्या जागी सोळा ते अठरा वर्षांची, परीक्षांतून नुकतीच सुटलेली मुलं असतात. आरासही तीच, भक्तही तेच आणि वर्गणीदारही तेच. याला समर बॉल म्हणायचं. मुलगे सूट घालतात, मुली घोट्यापर्यंतचे झगे. जेवण होतं, फोटो होतात, शिक्षकांची थोडी टिंगल होते, नाच होतो. निकाल ऑगस्टात लागायचे असतात, त्यामुळे त्या रात्री सगळेच पास. बाकी सगळं वर्षानुवर्षं ठरलेलं. दरवर्षी नव्याने ठरवायची ती फक्त थीम, आणि भांडण होतं ते तिच्यावरूनच.

माझी बहीण बर्कशरमध्ये राहते. तिची मुलगी यंदा शाळेच्या बॉल समितीवर आहे, म्हणून मलाही या विषयात मत असावं असं तिला वाटतं. "मामा, तू लिहितोस ना? मग सांग की काहीतरी भारी," असा तिचा फोन आला, आणि पाठोपाठ यादी आली. मुखवटे, ग्रेट गॅट्सबी, हॉलिवुड, कसिनो, समुद्राखाली, ताऱ्यांखाली, बॉलिवुड. अशा समित्या जिथे जिथे बसतात तिथे यादी थोड्याफार फरकाने हीच निघते. नवं सुचवणारा एखादा असतो, पण तो पहिल्या बैठकीनंतर येत नाही.

यातल्या काहींचा निकाल पटकन लागतो. कसिनो नकोच, ज्या वयाला जुगाराच्या टेबलापाशी बसायला कायद्याने मनाई, त्या वयाला खोट्या नोटा वाटून रूलेट फिरवायला लावण्यात गंमत कसली? हॉलिवुड म्हणजे लाल गालिचा आणि कागदी तारे, म्हणजे काहीच न ठरवणं. 'समुद्राखाली' ही अमेरिकन शाळांच्या जिमखान्यातली जुनी थीम. निळा क्रेप कागद छताला लटकवला, पुठ्ठ्याचे मासे सोडले की झाला समुद्र. 'बॅक टु द फ्यूचर' या १९८५ च्या चित्रपटात नायकाचे आईबाप जिथे एकमेकांच्या प्रेमात पडतात, तो १२ नोव्हेंबर १९५५ चा नाच याच थीमचा आहे. मला ती आवडते, कारण तिचा सगळा भार छतावर आहे. मुलांनी मासा व्हायचं नसतं.

गॅट्सबीचं काय करायचं, यावर मात्र मी जरा अडलो. काळी-सोनेरी निमंत्रणं, डोक्याला पिसाची पट्टी, मोत्यांच्या माळा, कागदी पेल्यांत लिंबू-सोडा. दिसायला देखणं. स्कॉट फिट्झजेराल्डची कादंबरी १९२५ ची, घडते १९२२ च्या उन्हाळ्यात, त्यामुळे ऋतूही जुळतो. २०१३ च्या चित्रपटात आपले अमिताभ बच्चन वुल्फशाइमच्या छोट्या भूमिकेत आहेत, तेव्हा मामाच्या पिढीचीही सोय झाली. पण पुस्तक ज्याने शेवटापर्यंत वाचलंय त्याला माहीत असतं की त्या बंगल्यात रात्र-रात्र नाचलेल्या शेकडो पाहुण्यांपैकी यजमानाच्या अंत्ययात्रेला आले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. न बोलावता येऊन पोटभर खाऊन जाणाऱ्यांची ती गोष्ट. शाळेतून कायमची बाहेर पडणाऱ्या मुलांच्या निरोपाला ही थीम घ्यायची म्हणजे समितीतल्या कोणी पुस्तक वाचलेलं नाही, किंवा एकाने फार नीट वाचलंय. भाची म्हणाली, "मामा, तू फार विचार करतोस. आम्हाला फक्त ती पट्टी हवीय."

तिचंही खरं आहे. या वयात माणसाला दुसरं कोणीतरी होऊन बघायचं असतं, तेही चारचौघांत आणि परवानगीने. मुखवट्याची थीम म्हणून तर इतकी टिकली. व्हेनिसमध्ये अठराव्या शतकात लोक महिनोन् महिने मुखवटा लावून हिंडत. १७९७ मध्ये नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवलं आणि कार्निव्हलही ओसरलं. पुन्हा धरलं ते १९७९ च्या सुमारास. आता तिथले चकाकते मुखवटे जगभरच्या शाळांत कागदी लगद्यातून उगवतात. दांडीवर धरायचा मुखवटा मुलं पहिली दहा मिनिटं धरतात, फोटोपुरता. मग तो टेबलावर सॅलडशेजारी पडून राहतो, कारण एक हात त्यात अडकवून कोणालाच नाचता येत नाही. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याला १६ मार्च १७९२ ला स्टॉकहोमच्या ऑपेरागृहात अशाच मुखवट्यांच्या नाचात पाठीत गोळी घातली गेली. व्हर्दीने त्यावर ऑपेरा रचला, तर सेन्सॉरने राजा रंगमंचावर मारायला मनाई केली आणि सगळी गोष्ट स्वीडनमधून उचलून बॉस्टनला नेऊन ठेवावी लागली. हे मी भाचीला सांगितल्यावर मुखवट्यांना समितीत दोन मतं वाढली.

वेशांच्या नाचांचा इतिहास फारसा हसरा नाही. २८ जानेवारी १३९३ ला पॅरिसमध्ये फ्रान्सचा सहावा चार्ल्स आणि त्याचे पाच सरदार रानमाणसं बनून नाचायला आले. अंगावर राळेत भिजवलेलं कापड, त्यावर ताग. राजाच्या भावाने, हे कोण बरं, म्हणून मशाल जवळ नेली. राजा वाचला तो एका डचेसने त्याला आपल्या घेरदार झग्याखाली झाकला म्हणून. एकजण पाण्याच्या पिंपात उडी मारून वाचला. चौघे जळून मेले.

पण माझ्या मनातून जात नाही तो नाच आपल्याशी नातं सांगणारा आहे. २ जुलै १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून लंडनच्या डेव्हनशर हाउसमध्ये डचेसने सुमारे सातशे पाहुणे बोलावले. थीम निमंत्रणावरच छापलेली: पोशाख रूपकात्मक किंवा ऐतिहासिक, १८१५ च्या आधीच्या काळातला. लोकांनी महिने-महिने आधी शिंपी गाठले, पॅरिसला मापं पाठवली. पाहुणे दरबार करून आले; एलिझाबेथ राणीचा दरबार, मारिया थेरेझाचा दरबार, राजा आर्थरचा, आणि पौर्वात्य राण्यांचाही. यजमानीणबाई स्वतः पाल्मिराची राणी झेनोबिया झाल्या होत्या. युवराज माल्टाच्या सरदारांचा मठाधिपती. बागेत तंबू ठोकून लाफायेत कंपनीचा छायाचित्रकार पाहुण्यांना उभं करून टिपत होता. आजच्या शाळेतल्या फोटोबूथचा हा पणजोबा. ती छायाचित्रं आजही पाहायला मिळतात. कोणाच्या चेहऱ्यावर मजा नाही. सगळ्यांना पोशाख जड झालेला दिसतो.

त्याच हीरक महोत्सवाची मेजवानी दहा दिवस आधी, २२ जूनला, पुण्यात गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्येही झाली होती. शहरात नुकताच ओसरलेला प्लेग, घराघरात घुसून झडत्या घेऊन गेलेले गोरे शिपाई, आणि टेकडीवर रोषणाई. त्या मेजवानीहून परतताना प्लेग अधिकारी रँडवर दामोदर चाफेकरांनी गोळी झाडली. रँड गेला ३ जुलैला. म्हणजे लंडनमधल्या राण्या आणि सरदार पहाटे घरी परतून दागिने उतरवत होते, त्याच दिवशी. दोन्हीकडे निमित्त एक. गव्हर्नमेंट हाउसमध्ये पुढे पुणे विद्यापीठ आलं, तिथे शिकलेल्या कोणाही पुणेकराला ती इमारत ठाऊक आहे. तिच्या हिरवळीवर आम्ही डबे खाल्ले आहेत.

म्हणून यादीतल्या शेवटच्या नावापाशी आम्ही दोघंही थांबलो. बॉलिवुड. समितीतल्या एका मुलीने फार आपुलकीने सुचवलं होतं. भाचीला बरं वाटावं हाही हेतू असणार. झेंडूच्या माळा, रंगीत ओढण्या, टिकल्यांची पाकिटं टेबलावर, समोसे. भाची आधी हसली. मग म्हणाली, "पण मग मी काय घालू? आईचा शरारा घातला तर तो माझा कपडा राहणार नाही, कॉस्च्युम होईल. आणि झगा घातला तर सगळे विचारतील, तू का नाही घातलास?" मी तिला २०१६ ची गोष्ट सांगितली. केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजात 'ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा' अशी थीम ठरली होती, ती नंतर मागे घेतली गेली. दुसऱ्या देशांचे वेश करून कोणी कोणाचा अपमान करील, ही भीती. त्याचं वर्तमानपत्रांनी हसं केलं. मला ते हसणं तितकंसं पटलं नाही. ज्यूल व्हर्नच्या त्या कादंबरीत नायकाचा नोकर मुंबईत उतरल्या उतरल्या मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खातो. लेखकालाही कळत होतं की दुसऱ्याच्या घरात काय घालून जायचं हा प्रश्न फुटकळ नाही.

इथे माझं मत पक्कं झालं. थीम जागेला असावी, अंगाला नसावी. तंबूला, ताटाला, दिव्यांना, गाण्यांना काय नटवायचं ते नटवा. मुलांच्या अंगावर ती आली की लगेच दोन गोष्टी होतात: पैसेवाल्या घरातला पोशाख वेगळा दिसायला लागतो, आणि लाजऱ्या मुलाला एकाऐवजी दोन परीक्षा द्याव्या लागतात. अंगाला काही नियम लावायचाच तर तो रंगाचा लावावा. अमेरिकन लेखक ट्रुमन कपोटीने २८ नोव्हेंबर १९६६ ला न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात ५४० लोकांना बोलावलं, तेव्हा नियम एवढाच होता: काळं किंवा पांढरं, आणि मुखवटा. बायकांनी मुखवट्यांवर पाण्यासारखा पैसा ओतला. यजमानाने स्वतःचा खेळण्यांच्या दुकानातून ३९ सेंटला आणला आणि ते सगळ्यांना सांगत सुटला. आपल्या गोव्यात पणजीच्या क्लुब नॅशनलचा कार्निव्हलच्या शेवटच्या रात्री लाल-काळा नाच होतो. लाल आणि काळं कोणाच्या कपाटात नसतं? आजोबा काळ्या पँटीवर येतात, नात लाल झग्यात, आणि बँड वाजायला लागला की कोण कुठल्या वाड्यावरचा हे पाहायला कोणाला सवड नसते.

उरली 'ताऱ्यांखाली'. समितीतल्या बहुतेकांची आवडती हीच: गडद निळे पडदे, चंदेरी तारे, हजारो इवले दिवे. तिच्यात एकच अडचण आहे आणि ती आकाशातली आहे. पुण्यात जूनमध्ये सव्वासातला सूर्य मावळतो आणि आठला अंधार. लंडनच्या आसपास जूनच्या अखेरीस सूर्यास्तच नऊ वाजून वीस मिनिटांनी. त्यानंतरही उत्तरेकडे उजेडाची कड रेंगाळत राहते. त्या दिवसांत सूर्य क्षितिजाखाली पुरेसा खोल उतरतच नाही, म्हणून खगोलशास्त्र ज्याला पूर्ण रात्र म्हणतं ती तिथे होत नाही. शाळेचा बॉल अकराला संपतो. तारे दिसायला लागायचे आणि आईबाप गाड्या घेऊन फाटकाशी यायचे. केंब्रिजच्या मे बॉलला ही अडचण नाही, तो पहाटेपर्यंत चालतो आणि जागे राहिलेल्यांचा उजाडताना फोटो काढतात. तो नावाने मे बॉल असून होतो जूनमध्ये, ती तिथल्या लोकांची वेगळीच मजा.

तंबू चारी बाजूंनी बंद करून काळोख करता येतो, असं समितीतल्या एका मुलाने सुचवलं. बाहेर वर्षातली सगळ्यात लांब संध्याकाळ, गवताला कापल्याचा वास, आणि आत आपण पडदे ओढून प्लॅस्टिकचे तारे बघायचे! भाचीला मी म्हटलं, तुझ्या देशाला ही संध्याकाळ वर्षातून चार-सहा आठवडे मिळते. नोव्हेंबरात चार वाजता दिवे लावता ना तुम्ही? मग ही फुकटची आरास का झाकता? शेक्सपिअरने तुमच्यासाठी ऐन उन्हाळ्याच्या रात्रीचं एक नाटक लिहून ठेवलंय, त्यात चार तरुण रात्रभर जंगलात वाट चुकतात, चुकीच्या माणसावर जीव टाकतात आणि सकाळी सगळं विसरून लग्नाला उभे राहतात. शाळेच्या शेवटच्या नाचाला याहून योग्य काय असेल?

ती म्हणाली, "शेक्सपिअर म्हटलं की पोरं तिकीट घेणार नाहीत." मग तिनेच बैठकीत नाटकाचं नाव न घेता मांडलं: तंबूच्या बाजू उघड्या, टेबलांवर कुंड्या आणि वेली, नाच हिरवळीवर, पावसाचा रंग दिसला तर आत.

गेल्या आठवड्यात मतदान झालं. ताऱ्यांना बाहेरच्या संध्याकाळने सात मतांनी हरवलं. मुखवटे तिसरे आले, गॅट्सबी त्यांच्याही मागे. पोशाखाच्या रकान्यात 'जे आवडेल ते' एवढंच छापलंय, आणि भाची शराराच घालणार आहे. हजार दिव्यांची भाड्याची माळ रद्द झाली, दहानंतरच्या तासाभरापुरते कंदील सांगितलेत. वाचलेल्या पैशांतून, ज्यांना तिकीट परवडत नाही त्यांची तिकिटं शाळेच्या कचेरीतून परस्पर, नाव न फोडता, काढायची असं ठरलं आहे.