पुसता पुसता

मराठीत 'पुसणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. एक पाटी पुसण्याचा, दुसरा विचारण्याचा. दुसरा आता फक्त जुन्या अभंगांतच उरला असेल, अशी माझी समजूत होती. पण संगणक हा गृहस्थ दोन्ही अर्थ पाळतो. आधी तो पुसतो, "पुसू का?" आणि तुम्ही हो म्हणालात, की पुसतो!

२०२१च्या मे महिन्यात आमच्या भाच्याला त्याने असेच पुसले. हिचा लॅपटॉप फार रेंगाळत असे. भाचा म्हणाला, "मामी, उबुंटू टाकून देतो. फुकट असतं." आता 'फुकट' म्हटल्यावर आमच्या घरात पुढची चर्चा होत नाही. उबुंटू टाकताना दोन वाटा फुटतात. विंडोजला शेजारी नांदू द्यायचे, नाहीतर सगळी डिस्क पुसून टाकायची. भाच्याने दुसरी धरली. "मामा, मला वाटलं, पुसा म्हणजे साफसफाई!"

साफसफाई झाली खरी. विंडोज गेले. अडीअडचणीला म्हणून कंपनी डिस्कच्या एका कोपऱ्यात विंडोजची गुप्त प्रत ठेवते, आजी डाळीच्या डब्यात पैसे ठेवते तशी. तीही डब्यासकट गेली. आणि हिची 'आई' नावाची फाईल गेली. सासूबाई फोनवर पदार्थ सांगत आणि ही टाइप करी, असे दोन वर्षे चालले होते. सासूबाई २०१९ साली गेल्या.

ही ओरडली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, "माझं होतं तसं करून द्या." आणि भाजी निवडायला बसली.

विंडोज परत आणायला आठ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो आणि तो भरताना त्याच्यावरचे सगळे पुसले जाते. म्हणजे एक पुसलेले परत आणायला दुसरे पुसायचे! शेजारच्या काकांच्या संगणकावर तो भरून आणला. मग लॅपटॉप सुरू होताना एक विशिष्ट बटण दाबावे लागते. कुठल्या कंपनीचे एफ२, कुठल्या कंपनीचे एफ१२, कुठल्या कंपनीचे आणखी तिसरेच. भाच्याने पेटीवर सूर शोधावा तशी सगळी पट्टी वाजवून पाहिली. पाचव्या आवर्तनाला सम सापडली.

मला धास्ती होती परवान्याच्या क्रमांकाची. पूर्वी तो लॅपटॉपच्या पोटाला चिकटवलेला असे आणि मांडीवर घासून घासून त्यातला आठ कुठला नि बी कुठला ते कळेनासे होई. पण २०१२ साली विंडोज ८ आले, तेव्हापासून कंपन्या तो मदरबोर्डवरच्या चिपमध्येच घालून ठेवतात. डिस्क कितीही पुसा, तो हलत नाही. आमच्या २०१७च्या लॅपटॉपने तर आवृत्ती कुठली हेसुद्धा पुसले नाही. आपले कूळ स्वतःच ओळखले आणि तासाभरात विंडोज १० होऊन बसला. कूळ आईकडून चालवायची सुधारणा यंत्रांनी आपल्याआधी केली म्हणायची!

यंत्राला स्वतःची ओळख अशी जन्मापासून पाठ असते. आमची मात्र एक ओळही त्याच्या लक्षात नव्हती.

"बॅकअप नव्हता का?" असे भेटेल तो विचारी, मयताच्या घरी "डॉक्टर कोण होते?" विचारतात त्या सुरात. होता ना! डी नावाच्या ड्राइव्हवर होता. मागच्या दिवाळीत भाच्यानेच करून दिला होता. डी हा त्याच डिस्कचा मागचा भाग, हे डी गेल्यावर कळले.

दुरुस्तीवाल्याने डिस्क चाळून पाहिली. "ज्या जागेवर नवीन लिहिलं गेलं, तिथलं जुनं येत नाही, साहेब." आणि तिथे तर आधी उबुंटू आणि नंतर विंडोज, असे दोनदा लिहून झाले होते. हाती आले ते विजेचे एक बिल आणि एका मुंजीचे निमंत्रण, तीन प्रतींत.

त्यानंतरच्या रविवारी हिने मावशींना फोन लावला. गोड्या मसाल्यात दगडफूल किती, यावर पाऊण तास वाद झाला. मावशींचे म्हणणे मूठभर; ही म्हणे, आई चिमूटभर घालायची. भाचा लॅपटॉप मांडीवर घेऊन मुकाट्याने टाइप करत होता. मध्येच त्याने मान वर केली.

"मामी, मग चिमूट लिहू की मूठ?"

"दोन्ही लिही," ही म्हणाली, "आणि मला पुसल्याशिवाय काही पुसू नकोस."