पकड

दुर्ग म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर तटबंदी येते. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग. हे दुर्ग मात्र शिवनाथ नदीजवळचं सपाट आणि उन्हाळ्यात भाजून काढणारं शहर. इथं किल्ला होता, पण मातीचा. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा छत्तीसगडात उतरल्या तेव्हा त्यांचा तळ इथं पडला होता. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याचं नाव 'ड्रग' असं लिहीत. माझे कोर्समेट अजून त्यावरून छळतात.

सध्या मी एनसीसीत आहे. मूळची शाखा ईएमई. माजी सैनिकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच की फौजेची गाडी, तोफ किंवा रडार बिघडलं की ज्यांना हाक मारतात ते आम्ही. त्यामुळे रविवारी लोक मॉलमध्ये जातात आणि मी भिलाईच्या औद्योगिक वसाहतीत भटकतो.

भिलाई म्हणजे रूळ. रशियाच्या मदतीनं कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. पण मोठ्या कारखान्याच्या सावलीत शेकडो लहान शेड असतात. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, एखादं मिलिंग आणि चार-पाच पोरं. असाच एक शेड आमच्या कोअरच्या एका निवृत्त नायब सुभेदारांचा आहे. ट्रेड टर्नर. घराणं मूळचं नागपूरकडचं, पण तीन पिढ्या राजनांदगावात. मी त्यांना 'साब' म्हणतो, ते मला 'सर'. मराठी बोलताना मध्येच हिंदीत घसरतात आणि परत येतात.

त्यांच्याकडे गेलो की मशीनपेक्षा कपाटच जास्त बघत बसतो. तीन जबड्यांचे चक, चार जबड्यांचे चक, व्ही-ब्लॉक, कॉलेट, टेपर स्लीव्ह, पॅकिंगचे तुकडे, टी-बोल्ट. सगळी धरण्याची साधनं. काही कामाचा तुकडा धरतात, काही हत्यार धरतात. धातू कापणारं टोक असतं नखाएवढं. त्यामागचा सगळा पसारा फक्त काहीही हलू नये यासाठी.

ड्रिलचा मोर्स टेपर घ्या. दीडशेहून जास्त वर्षं जुनी गोष्ट. उतार साधारण वीसास एक, इतका कमी की ड्रिल नुसतं दाबून बसवलं तरी घर्षणानं अडकून बसतं. ना स्क्रू, ना पिन. काढायचं तर खाचेत पाचर घालून ठोकावं लागतं. मिलिंगचा टेपर चोविसास सात, म्हणजे बराच उतरता; तो आपणहून धरत नाही, मागून बोल्टनं ओढून ठेवावा लागतो. काही माणसं पहिल्या जातीची असतात, काही दुसऱ्या, हे साबांचं मत. (मी कुठल्या जातीत बसतो ते विचारलं नाही.)

आमची ओळख मात्र भिलाईची नाही, लडाखची. मी तेव्हा नवा कॅप्टन, ते हवालदार. फील्ड वर्कशॉपची मशिनरी लॉरी, म्हणजे ट्रकच्या पोटात बसवलेला लेथ. एक पातळ पितळी बुश हवा होता. सुटा भाग खालून यायला चार दिवस लागणार होते, आणि गाडी त्याच रात्री हवी होती. दुसऱ्या एका टर्नरनं बुश तीन जबड्यांच्या चकमध्ये धरून बोअर केला. मायक्रोमीटरनं कुठूनही मापला तरी माप बरोबर. शाफ्टवर मात्र चढेना. सगळे शाफ्टला शिव्या देऊ लागले.

हवालदारांनी बुश हातात फिरवला आणि म्हणाले, "माप खोटं बोलतंय." झालं असं होतं: चकनं तीन ठिकाणी आवळल्यावर पातळ कडं तिथं आत दबलं. त्या दबलेल्या अवस्थेत भोक अगदी गोल कापलं गेलं. चक सैल करताच कड्यानं आपला मूळ आकार घेतला आणि भोक झालं तीन फुगवट्यांचं. गंमत अशी की एका फुगवट्याच्या बरोबर समोर दबलेली बाजू येते, त्यामुळे दोन टोकांत मापलं तर प्रत्येक दिशेला जवळपास तेच माप येतं. मायक्रोमीटरला ते गोलच दिसतं. शाफ्टला दिसत नाही.

त्यांनी नवा तुकडा घेतला. जाड काप घट्ट पकडीत घेतले. मग चक सैल करून तुकड्याला मोकळा होऊ दिला, बाहेरून चिरलेलं एक कडं चढवलं म्हणजे दाब सगळीकडून यावा, आणि हलक्या हातानं पुन्हा धरून शेवटचा बारीक काप घेतला. बुश बोटानं ढकलला आणि बसला. पहाटे गाडी गेली.

आता भिलाईचं. माझ्या बटालियनमधला एक मुलगा, 'सी' सर्टिफिकेट झालेला, धावण्यात पहिला, अग्निवीरची तयारी करणारा. घरची ओढाताण म्हणून संध्याकाळी एका शेडमध्ये ड्रिलिंग करायचा. कुठला शेड ते लिहीत नाही. पातळ पत्र्याला भोकं पाडायची आणि पत्रा हातानं धरायचा. नगावर पैसे. क्लॅम्प लावायला दीड मिनिट, भोक पाडायला वीस सेकंद. मग कोण लावतो?

घात होतो तो भोक आरपार जाताना. तोवर ड्रिलचं टोक पत्र्याला खाली रेटत असतं. टोक पलीकडे निघालं की तो विरोध एकदम संपतो, आणि ड्रिलचे पीळ स्क्रूसारखे पत्र्यात शिरून त्याला वर ओढतात. पत्रा ड्रिलवर चढतो आणि पंख्याच्या पात्यासारखा फिरतो. त्याच्या उजव्या तर्जनीची दोन पेरं गेली. ट्रिगरचं बोट. वैद्यकीय तपासणीचं पुढं काय झालं ते या ब्लॉगच्या वाचकांना सांगायला नको.

मी त्याला साबांकडे घेऊन गेलो. त्यांनी हात पाहिला, सहानुभूतीचं एक वाक्य बोलले नाहीत. विचारलं, "पत्रा खांबाला टेकवला नव्हता?" क्लॅम्प नसेल तर निदान पत्र्याची लांब बाजू मशीनच्या खांबाच्या डाव्या अंगाला टेकवावी, म्हणजे फिरायला लागला तर खांबावर अडतो. मुलाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. हातमोजे घाल म्हणून मात्र सांगितलं होतं, आणि फिरत्या ड्रिलपाशी मोजा म्हणजे बोटासकट हात ओढून घेण्याची सोय.

"सर, कापायचे पैसे भेटतात. पकडायचे कोण देते?" साब मला म्हणाले. पोरांना दटावून क्लॅम्प लावायला लावता येतं, पण मालक शेडमध्ये असेपर्यंतच. म्हणून त्यांच्याकडे असलं काम आलं की ते आधी जिग बनवतात, स्वतःच्या खर्चानं. खाली तीन बटणं, बाजूला दोन पिना, टोकाला एक. वस्तू कुठं बसायची ते या सहा टेकूंवर ठरतं, सातवा लावला की ती डुगडुगते. वर कडक पोलादी बुश बसवलेलं झाकण आणि एक कॅमचा दांडा. पत्रा सरकवायचा, दांडा दाबायचा. दोन सेकंद. हातानं धरण्यापेक्षा हे लवकर होतं, म्हणून पोरं आपसूक वापरतात. पिनांच्या बुडाशी खाचही ठेवतात, लोखंडाचा कीस तिथं पडावा म्हणून. नाहीतर कीस पत्र्याखाली जातो आणि भोक तिरकं पडतं.

जिगच्या खर्चामुळे त्यांचं कोटेशन शेजाऱ्यापेक्षा जास्त जातं आणि कामं हातची सुटतात, हेही खरं. गेल्या वर्षी एक मोठी ऑर्डर अशीच गेली. त्यांच्या बायकोनं ते मला दोनदा सांगितलं.

भिलाईत १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा जोरात होते. साब तीही करतात आणि आपली खंडेनवमीही. दोन्ही वेळा कुंकू लागतं ते मशीनला आणि जिगच्या फळीलाही.

मुलगा आता तिथंच आहे. ड्रिलिंगवर नाही, टेबलावर. जिगची ड्रॉइंग काढायला शिकतोय. आर्मी बेस वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन कारागीर घेतात ना, त्याचं काय, असं त्यानं विचारलं. मी चौकशी चालवली आहे. परवा त्यानं पहिलं ड्रॉइंग दाखवलं. कॅमचा दांडा डाव्या बाजूला घेतला होता. उजव्या हाताला जोर कमी पडतो म्हणून. साबांनी चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "दांडा ठीक आहे. पण या दोन बुशांच्या मधे दोन मिलिमीटर कमी भरतात. पुन्हा काढ."