बासला सोलापुरी ताणा

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा पकडली. पाठीवर स्वस्तातला शॉर्ट स्केल बास, सॅकमध्ये नवे ट्यूनर आणि ब्रिज. बासचं स्केल ३० इंच, नेहमीच्या ३४ इंचांपेक्षा आटोपशीर. बोटं एकदम खूश, पण दर गाण्यानंतर सूर उतरणार! बँडवाल्यांचा निकाल लागलेला : ‘विकून टाक यार.’

सोलापूर म्हणजे चादरी, शेंगाचटणी आणि अक्कलकोट रोडची एमआयडीसी. मामा तिथं पॉवरलूमचे फिटर. शनिवारी त्यांनी बास हातात घेतला. ‘अरे, लाकूड झकास आहे. खुंट्याच ढिल्या आहेत. ताण्याचा एक धागा सैल पडला, तरी चादरीत दिसतो. तसंच हे.’

नव्या ट्यूनरना जुनी भोकं लहान पडत होती. मामांनी ड्रिलला हातही लावला नाही, रीमरनं हळूहळू ती मोठी केली. ब्रिजच्या स्क्रूची जुनी भोकं लाकडी काडी आणि फेविकॉलनं बुजवून रात्रभर सुकू दिली. जुन्या ब्रिजवर चार तारांना दोनच सॅडल होती, नव्यावर प्रत्येकीला स्वतंत्र. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा चढा लागला, की सॅडल मागे घ्यायचं. बस्स!

गंमत म्हणजे, मिरजेच्या तंबोऱ्यांचे भोपळे याच जिल्ह्यात, पंढरपूरकडे पिकतात. तारांशी इथलं नातं जुनंच.

सोमवारी सकाळच्या हुतात्मानं परतलो. सॅकमध्ये कडक भाकरी, मांडीवर बास. वाटेत तासभर वाजवला, सूर जागचा हलला नाही. दोस्तांनो, आता विकायचं नाव काढू नका!