सहा वस्तूंची झोळी

माणसाला भीतीची मोठी हौस आहे. दिवसा तो भुताखेतांच्या गोष्टींना हसतो आणि रात्री सगळी निजानीज झाली की धारप-मतकरींच्या गूढकथा उघडून बसतो. मीही त्यातलीच. फरक एवढाच, की हल्ली माझी भीती पुस्तकाऐवजी संगणकाच्या पडद्यावर वस्तीला आली आहे.

'सिग्नॅलिस' हा तो खेळ. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. 'रोझ-एंजिन' या जर्मन चमूने तो घडवला. चमू म्हणजे अवघी दोन माणसे! एल्स्टर नावाची मानवसदृश यंत्रकन्या बर्फाळ ग्रहावरच्या एका ओसाड खाणीत आपल्या हरवलेल्या सखीला शोधत फिरते. दिलेले वचन तिला पाळायचे आहे. पडद्यावरची चित्रे मात्र मुद्दाम ओबडधोबड, ठिपक्याठिपक्यांची. जणू खेळ पंचवीस वर्षांपूर्वीचा असावा.

हे जुनेपण कुठून आले? जपानमध्ये १९९६ साली 'रेसिडेंट ईव्हिल' निघाला तेव्हाची यंत्रे दुबळी होती. आधीच रंगवून ठेवलेल्या चित्रांवर पात्रे चालवायची, म्हणून कॅमेरा एका जागी खिळलेला. कोपऱ्यापलीकडे काय आहे ते दिसतच नसे. १९९९ च्या 'सायलेंट हिल'मध्ये दूरचे रस्ते रेखाटणे यंत्राला झेपेना, तेव्हा गावभर धुके पसरवले गेले. अडचण झाकायला आणलेले ते धुकेच लोकांच्या स्वप्नात येऊ लागले! आजच्या यंत्रांना ही अडचण नाही. तरीही नवे कर्ते ती हौसेने अंगावर घेतात.

'सिग्नॅलिस'मधली अशी एक अडचण म्हणजे झोळी. मूळ खेळात एल्स्टरला एका वेळी सहाच वस्तू जवळ बाळगता येत. पिस्तूल, त्याच्या गोळ्या, औषध, विजेरी आणि दाराची किल्ली एवढ्यातच पाच जागा भरल्या. बरे, पाडलेला शत्रू काही वेळाने पुन्हा उठतो. त्याला कायमचा संपवायचा तर जाळावे लागते. पण जाळण्याचे साधन घेतले तर वाटेत सापडेल ते ठेवायचे कुठे? खरी भीती त्या शत्रूच्या विद्रूप तोंडात नाही. दाराशी उभे राहून 'काय न्यावे, काय ठेवावे' असा हिशोब मांडावा लागतो, त्या हिशोबात आहे.

या झोळीवरून खेळणाऱ्यांत दोन तट पडले. कथेवर दोन्ही तट लुब्ध आहेत. स्वप्न कुठले आणि आठवण कुठली हे सहज उलगडत नाही, आणि शेवटही एकच नाही; आपण कसे खेळलो यावरून तो गुपचूप ठरतो. त्यामुळे अर्थ लावण्याचा वाद काही संपत नाही. पण झोळीची गोष्ट निघाली की एक पक्ष म्हणतो, सामान ठेवायला पुनःपुन्हा पेटीपर्यंत हेलपाटे घालण्यात भीती कसली? ही तर हमाली! दुसरा पक्ष म्हणतो, झोळी मोठी करा आणि मग उरेल ती नुसती शिकार.

माझ्या वसतिगृहातल्या मैत्रिणीला गूढ कथा प्रिय, पण मागे कुणी लागले की तिच्या छातीत धडधडते. तिने 'क्रो कंट्री' हा २०२४ मधला ब्रिटिश खेळ निवडला. बंद पडलेली करमणूक-बाग, काळ १९९० चा, तोच जुना थाट. पण त्यात शत्रूंचा त्रास वगळून केवळ शोध घेत हिंडण्याचीही सोय आहे. तिने तो रात्री जागून पुरा केला. मुरलेले खेळाडू अशा सोयीला पळवाट म्हणतात. मला तसे वाटत नाही. कादंबरी हळू वाचणाऱ्याला आपण 'तुम्ही कादंबरी वाचलीच नाही' असे कुठे म्हणतो?

मी स्वतः मात्र सहाच वस्तूंची झोळी घेते. टंचाई आमच्या घराला नवी नाही. महिनाअखेरीस डबे हलवून पाहणारी आणि 'हे पुढच्या महिन्यात' म्हणणारी आई मी पाहिली आहे. त्या हिशोबाला कुणी खेळ म्हणणार नाही, कारण तो तिने निवडला नव्हता. आणि चुकला तर मागे जाऊन पुन्हा मांडण्याची सोय तिथे नव्हती. खेळातली टंचाई आपण होऊन पत्करलेली असते. म्हणूनच ती नको असणाऱ्याला बाजूला ठेवता आली पाहिजे, असे मी म्हणते. सक्तीची टंचाई ही कला नव्हे.

मग मी ती का पत्करते? सगळेच जवळ असले की कशाचीच किंमत कळत नाही म्हणून. सहापैकी एक जागा औषधाला दिली की ते औषध मला आठवते, ते कुणासाठी वापरले तेही आठवते. एल्स्टर पुढे जाते तेव्हा तिच्या झोळीत पुरेशा गोळ्या क्वचितच असतात. वचनाला मात्र झोळीत जागा लागत नाही. ते तिला अखेरपर्यंत नेता येते.