सास्तूरच्या नव्या गल्ल्या

मैत्रिणींनो, तुळजापूरला देवीच्या दर्शनाला आपण जातो, फार तर नळदुर्गचा किल्ला पाहतो आणि परत फिरतो. पुढच्या खेपेला एक दिवस जास्त काढा आणि लोहाऱ्याहून सास्तूरला जा. तिथे ना धबधबा, ना बाग. पाहायची ती घरे, आणि कोण कुणाच्या शेजारी राहते ते!

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तुम्हांला आठवत असेल. गणपती बोळवून माणसे नुकतीच निजलेली, चारच्या सुमाराला भूकंप झाला. आपण त्याला किल्लारीचा म्हणतो, पण लातूरइतकाच तो आपल्या जिल्ह्याचाही होता. सास्तूर, राजेगाव, पेठसांगवी ही गावे ढिगारा झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदावरचा मातीचा थर, उन्हाळ्यात घर गार ठेवणारा, तोच अंगावर आला. वाडा जितका मोठा, तितके ओझे जास्त. गावकुसाबाहेरच्या कुडाच्या, पत्र्याच्या घरांतली माणसे त्या मानाने वाचली.

जुन्या गावात आळ्या जातीच्या होत्या. मधे पाटलांचे, लिंगायतांचे वाडे, एका अंगाला मुसलमान घरे, आणि दलित वस्ती वेशीबाहेर. भूकंपानंतर दोन्ही जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवली, तेव्हा सरकारने माप धरले जमिनीचे. भूमिहीन आणि अडीच एकरांपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, साडेसतरा एकरांपर्यंत ४००, त्यावर ७५०. कित्येक ठिकाणी एका मापाची घरे एका रांगेत आली. म्हणजे जातीची आळी जाऊन एकरांची आळी आली म्हणायची! अर्थात जमीन तरी कुणाकडे होती? त्यामुळे बरीचशी रांग जुन्या आळीसारखीच भरली. पण सगळी नाही. कोरडवाहू दोन एकरवाली मराठा विधवा, शिवणकाम करणारे मुसलमान कुटुंब आणि बौद्ध मजूर एका भिंतीआड आले, हे जुन्या गावात घडले नसते.

बायकांना विचारा, त्या आधी घराच्याच तक्रारी सांगतात. रस्ते इतके रुंद, की समोरच्या दारातलीला हाक ऐकू जात नाही. चुलीला जागा नाही, म्हणून बाहेर पत्र्याचा आडोसा. स्लॅबवर जायला जिना नाही. "माळवदावर कुरडया घालत होतो, आता शिडी लावून कोण चढंल?" असे एका मावशींनी मला विचारले. बळद गेले, कोनाडे गेले, उतरंड ठेवायची कुठे? (मुंबई-पुण्याच्या इंजिनिअरांनी एकदा तरी बायकोला विचारायचे होते, असे मला राहून राहून वाटले.)

जिथे घरे पाडली नाहीत, दुरुस्त केली, त्या गावांत मात्र वेगळे झाले. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांनाच संवाद सहायक नेमले. सिमेंट किती, कोपऱ्यात बांधणी कशी, हे त्या घरोघर समजावू लागल्या. गवंड्याला जाब विचारणाऱ्या या बायकांचे पुढे बचत गट झाले.

तीस वर्षांत मापेही फिरली आहेत. मी पाहिलेल्या एका २५० फुटांच्या घराला मागे दोन खोल्या आणि फरशी आहे. मुलगी नर्स झाली, तिच्या पगाराचे ते काम. पलीकडच्या ७५० वाल्या घराला कुलूप. धनी पुण्याला आणि शेत बटईने. बाहेरून पाहून कोण मोठा शेतकरी आणि कोण मजूर, हे आता ओळखता येत नाही.

आता मला जे खरे विचारायचे होते ते. हळदीकुंकवाला रांगेतल्या सगळ्यांना बोलावता का? मावशी हसल्या. "मुसलमानाच्या सुनेला वाण देतो. ती ईदला शिरखुर्मा धाडती." आणि बौद्धांच्या घरी? थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ती आमच्याकडं येती. आम्ही तिच्या दारात बोलतो, आत नाही गेलो अजून. सूनबाई जाती."

त्या स्वतः भूकंपात नवरा गेलेल्या. जुन्या रीतीप्रमाणे त्यांनाही हळदीकुंकवाचे बोलावणे नसते. सून मात्र गेल्या संक्रांतीला पहिला तिळगूळ सासूच्या हातावर ठेवून मग पलीकडे गेली होती.