अब्बांची फियाट आणि कार्बोरेटर

मे महिन्यात कुंभार्ली घाटात आमची फियाट बंद पडली. अब्बांची गाडी, १९८४ची प्रीमियर पद्मिनी. मागच्या सीटवर पंचाहत्तरी ओलांडलेली अम्मी, चिपळूणहून कराडला डोळे दाखवायला निघालेली. मी बॉनेट उघडलं, अब्बा करायचे तसा रुमाल भिजवून फ्युएल पंपावर ठेवला आणि वीस मिनिटं थांबलो. गाडी सुरू झाली. पण वळणावर ट्रक दिसला की अम्मी दरूद पुटपुटायची, ते काही डोक्यातून जाईना.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "अब्बू, कार्बोरेटर काढून टाका. फ्युएल इंजेक्शन बसवू."

मला रागच आला. या गाडीचा चोक किती ओढायचा हे अब्बांनी मला हात धरून शिकवलं होतं. पण पोराचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. कार्बोरेटरला अक्कल नसते. हवा जोरात गेली की जेटमधून पेट्रोल ओढलं जातं, बस्स. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. त्याला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं आणि रबरी नळ्याही खराब होतात. इंजेक्शनमध्ये सायलेन्सरच्या पाइपातला सेन्सर ऑक्सिजन मोजतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल कमीजास्त करतो.

आमच्या उस्तादांनी, ज्यांनी अब्बांच्या काळापासून या गाडीला हात लावलाय, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "घाटात बंद काय पडलं? कार्बोरेटर की पंप?"

पंप! पद्मिनीचा पंप इंजिनलाच चिकटलेला. तो मागच्या टाकीतून पेट्रोल खेचतो, आणि खेचताना दाब कमी झाला की तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते. वाफ काही त्याला ओढता येत नाही. म्हणजे आम्ही बापलेक भलत्याच भागावर भांडत होतो.

इंजेक्शनसाठी जास्त दाबाचा पंप, नव्या नळ्या, सेन्सर, वायरिंग, सगळंच बदलावं लागलं असतं. आणि घाटात कॉम्प्युटर रुसला तर ओल्या रुमालाने काय होणार? आम्ही मागे टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप लावला. दाब जास्त झाला तर फ्लोटची सुई टिकत नाही, कार्बोरेटर ओसंडतो. धडक बसली तर पंप बंद करणारा स्विच मुलाने हट्टाने बसवून घेतला. ते मला सुचलंही नव्हतं. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घातल्या, जेट थोडा मोठा केला.

पावसाळ्यानंतर अम्मीला घेऊन पुन्हा कराडला निघालो. गाडी मुलगा चालवत होता. त्याने चोक जरा जास्तच ओढला, मी गप्प बसलो. चावी फिरवली की मागे पंप टकटक वाजतो.

अम्मीने विचारलं, "हे काय वाजतंय? हे तुझ्या अब्बांच्या वेळी नव्हतं."